अठ्ठावीस दिवसांचं मीटर

हिस्के नाउटाला गावात लोक साधी बाई म्हणतात. म्हणू देत. मी तिच्या शेजारी एकवीस वर्षं राहतोय, आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये कंबरेएवढं कुंपण आहे, आणि मी सांगतो की या बाईएवढी डूख धरणारी दुसरी व्यक्ती अख्ख्या फ्रीसलँडमध्ये सापडायची नाही. आणि तिनं डूख धरला तो बरोबरच धरला, हेही मी आधीच सांगून टाकतो.

तिची नोकरी पाणीमंडळात. कालव्यांची पातळी मोजायची, पंप किती वेळ चालला ते लिहायचं, कुठल्या बांधावर किती धार गेली ते बघायचं. एकतीस वर्षं तिनं हेच केलं. सकाळी सात वाजता सायकलवर टांग टाकून निघायची, वारा तोंडावर असो नाहीतर पाठीवर. लग्न केलं नाही. बोलणं कमी. पण आकड्यात चूक? नाव नको. पाणीमंडळाच्या कचेरीत दोघांची वादावादी झाली की साहेब म्हणायचे, हिस्केला विचारा आणि विषय मिटवा. तिला स्वतःबद्दल एकाच गोष्टीचा अभिमान होता, की आपण मोजलेलं बरोबर असतं.

दुसरं तिचं वेड म्हणजे बर्फ. आमच्या हारिंगवीर गावाचा बर्फक्लब आहे. तळं गोठलं की स्केटिंग, शर्यती, वाटाण्याचं घट्ट सूप, सगळं क्लब बघतो. हिस्के त्याची चिटणीस. बावीस वर्षं चिटणीस, कारण दरवर्षी सभेत "यंदा कोण होणार?" असं विचारलं की सगळे आपापल्या बुटांकडे बघायचे. तिनं क्लबची वेबसाइट केली आणि तळ्यावर कॅमेरा बसवला, म्हणजे लांब राहणाऱ्या लोकांना घरबसल्या बर्फ किती झालं ते दिसावं. थंडी पडली की या देशाला काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. भलीभली माणसं कामधंदा सोडून बर्फाची जाडी बघत बसतात.

ही वेबसाइट ठेवलेली होती चेब्बे बांग्माच्या सर्व्हरवर. चेब्बे म्हणजे माझा मालक. गावाबाहेर जुन्या दूधडेरीच्या इमारतीत त्याची कंपनी होती. माणसं चार. चेब्बे, फोन घेणारी आल्चे, सर्व्हर दुरुस्त करणारा गेर्म, आणि मी, वीब्रेन, केबली टाकायला आणि बिलाचा प्रोग्राम सांभाळायला. चेब्बे गोड बोलायचा. इतकं गोड की त्याच्याशी बोलून निघताना माणसानं खिसा चाचपावा.

आता वेबसाइटवरून बघणाऱ्यांकडे जाणारी माहिती मोजायचं त्याचं मीटर कसं चालायचं ते सांगतो, कारण सगळी भानगड तिथेच आहे. माहिती म्हणजे पाणी समजा. किती पाणी गेलं हे ते मीटर मोजत नाही. धार किती जाड होती ते मोजतं. दर पाच मिनिटांनी एक नोंद. तासाला बारा. तीस दिवसांच्या महिन्याला आठ हजार सहाशे चाळीस. महिना संपला की सगळ्या नोंदी जाड धारेपासून बारीक धारेपर्यंत ओळीनं लावायच्या, वरच्या शंभरातल्या पाच कापून फेकायच्या, आणि उरलेल्यांतली जी सगळ्यात जाड असेल तिच्यावर अख्ख्या महिन्याचं बिल. का? तर एखाद्या दिवशी अचानक गर्दी झाली तर गिऱ्हाईक बुडू नये म्हणून. म्हणजे महिन्यातले छत्तीस तास कितीही धार सोडा, फुकट. त्याच्यापुढे पाच मिनिटं गेलात तर मेलात.

हिस्केला हे पहिल्या झटक्यात कळलं. धार मोजण्यातच तिचा जन्म गेलेला. त्या वर्षी फेब्रुवारीत थंडी पडली तशी ती स्वतः चेब्बेकडे आली. मी तिथेच खाली बसून केबल सोलत होतो.

"चेब्बे, फुकटचे तास किती, नक्की सांग. मी घड्याळ लावून कॅमेरा चालवणार आहे."

"छत्तीस गं. महिन्याला छत्तीस. एक तास हातचा ठेव म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको."

"पस्तीस म्हणजे बिनधास्त?"

"अगदी डोळे मिटून."

तिनं वहीत लिहिलं. रोज साडेनऊ ते साडेचार, सात तास, पाच दिवस. पस्तीस. बाकी वेळ कॅमेरा बंद. साडेचारला ती स्वतः तळ्यावर जाऊन बटण दाबायची, लोक ओरडले तरी.

पाचव्या दिवशी दुपारी चेब्बेनं मला हाक मारली. पडद्यावर आलेख होता. तो खुर्चीत रेलून बसलेला, पोटावर हात.

"वीब्रेन, किती वाजले?"

"तीन वाजून पाच."

"झालं. मासा गळाला लागला." आणि तो हसला. "फेब्रुवारीला दिवस किती रे? अठ्ठावीस. नोंदी कमी, मग फुकटच्या नोंदीही कमी. चारशे तीन. तेहतीस तास पस्तीस मिनिटं, ती आत्ता संपली. मोजणारी बाई म्हणे!"

साडेचारला अजून पंच्याऐंशी मिनिटं होती. फोन माझ्या खिशात होता. एक फोन केला असता, कॅमेरा बंद झाला असता, पण चारशे चौथी नोंद पडायच्या आत व्हायला हवा होता, लगेच, त्या क्षणी. पहिल्या नोंदीलाच उशीर झाला असता असं मी स्वतःला समजावलं. नंतर समजावलं की मालकाच्या धंद्यात आपण नाक खुपसू नये. मग मी खाली गेलो, आल्चेनं आणलेला साखरपाव खाल्ला आणि चारला घरी निघून गेलो. झालं ते असं झालं, त्याला मी मुलामा देत नाही.

मार्चमध्ये बिल आलं. पाच हजार चाळीस युरो. एरवी साठ यायचे.

हिस्केनं क्लबच्या पैशाला हात लावू दिला नाही. "चूक माझी, पैसे माझे," असं सभेत म्हणाली आणि खाली बसली. ते पैसे तिनं कशासाठी साठवले होते ते फक्त मला ठाऊक होतं. ऑस्ट्रियातल्या डोंगरातल्या तळ्यावर आपले लोक दरवर्षी दोनशे किलोमीटरची शर्यत करायला जातात ना, तिला साठीच्या आत एकदा तिथे जायचं होतं. खोली ठरवली होती, नव्या स्केटची पाती करून घेतली होती. खोली रद्द केली. पुढच्या शरदात तिचा उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, डॉक्टरनं सांगितलं की चाला, सायकल चालवा, बर्फावर मात्र पाय ठेवायचा नाही. ती घरी आली, नवी पाती तेल लावून फडक्यात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. मी शिडी धरली होती.

तरीही, मला वाटतं, तिनं इथवर गिळलं असतं. पण चेब्बेला राहवेना. मारलेल्याला पुन्हा डिवचल्याशिवाय त्याला घास जात नसे.

पाच डिसेंबरला क्लबात सिंटरक्लास. पांढरी दाढी, लाल झगा, भेटी, आणि प्रत्येक भेटीबरोबर चिठ्ठीत टवाळीचं गाणं. कोणी लिहिलं ते कोणी विचारायचं नाही, आणि ज्याच्यावर लिहिलं त्यानं हसायचंच, हा आपला रिवाज. हिस्केच्या नावाचं पुडकं निघालं. आत होतं एक कॅलेंडर, फेब्रुवारीचं पान लाल पेनानं रंगवलेलं. सिंटरक्लासनं घसा खाकरून वाचलं:

"पाणी मोजी, बर्फ मोजी, मोजून मोजून थके,
अठ्ठावीसचे तीस करी अशी आमची हिस्के!"

सत्तर माणसं खदाखदा हसली. पोरं ते म्हणत म्हणत टेबलांभोवती पळायला लागली. चेब्बे कोपऱ्यात बसून टाळ्या पिटत होता, आणि लिहिणारा कोण हे आंधळ्यालाही कळलं असतं. हिस्के हसली. रिवाजाप्रमाणे हसली. "छान जमलंय," म्हणाली, चिठ्ठीची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो होतो तर ती चिठ्ठी संडासात लावलेली. सगळ्यांच्या घरी असतं तसं वाढदिवसांचं कॅलेंडर तिथे टांगलेलं, त्याच्या शेजारी चार टाचण्या मारून. मी बाहेर आलो तेव्हा माझ्या तोंडावरून तिला कळलं असावं.

"रोज वाचते," ती म्हणाली. "दिवसातून चार-पाचदा तरी."

तेव्हा मला राहवलं नाही. मी सगळं ओकलो. तीन वाजून पाच मिनिटं, मासा गळाला, माझा खिशातला फोन, साखरपाव, सगळं. म्हटलं, चेब्बेला माहीत होतं हिस्के, आणि मलाही. माझी मान वर होईना. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं की चूक माझी आहे."

मला वाटलं, चला, माफी मिळाली. काय मूर्ख असतो माणूस!

जानेवारीत चेब्बेनं नवा करार काढला. गावात त्याच्याबद्दल कुजबुज वाढली होती, दोन-तीन गिऱ्हाइकं सुटली होती, म्हणून चेब्बेसाहेबांनी स्थानिक पेपरात जाहिरात दिली: 'तुमचा महिना तुम्ही ठरवा! मीटर कोणत्या तारखेपासून सुरू करायचं ते ग्राहकानं सांगावं.' नुसता देखावा. लोकांना पगार झाल्यावर बिल यावं, एवढाच त्याचा विचार. बहुतेकांनी पंचवीस तारीख घेतली.

हिस्केनं घेतली अकरा.

मी कुंपणावरून विचारलं, "अगं, त्या हलकटाकडे राहतेस कशाला? दुसरीकडे ने ना वेबसाइट."

"दुसरीकडे गेले तर याचं काय करू?" ती म्हणाली आणि कोबीला पाणी घालत राहिली.

अकराच का, ते मला नंतर कळलं. तिचा बाप पुलावरचा पहारेकरी. सत्तावन्न हिवाळे त्यानं रोज बर्फाची जाडी वहीत लिहिली होती. त्या सगळ्या वह्या काढून तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडल्या आणि तीन आठवडे हिशेब केला. आमच्याकडच्या मोठ्या थंडीच्या लाटा कधी सुरू होतात, कधी संपतात, मधोमध कुठला दिवस येतो. जास्तीत जास्त वेळा येत होता दहा फेब्रुवारी किंवा अकरा. महिन्याची रेघ तिनं बरोबर थंडीच्या पोटातून ओढली होती. अलीकडे एका महिन्याचे फुकटचे तास, पलीकडे दुसऱ्याचे. आणि चेब्बे स्वतः ज्या अ‍ॅमस्टरडॅमच्या बड्या कंपनीकडून धार विकत घ्यायचा, तिचं मीटर याच नियमानं चालायचं, पण एक तारखेपासून महिनाअखेरपर्यंत. त्याच्यासाठी ती सगळी धार एकाच फेब्रुवारीत पडणार होती.

फक्त थंडी पडायला हवी होती.

तो हिवाळा नुसता पावसात गेला. हिस्के रोज सकाळी खिडकीबाहेरचं तापमान बघायची आणि तोंड वाकडं करायची. दुसऱ्या हिवाळ्यात थंडी पडली, पण जानेवारीच्या मध्यावर. सगळीच्या सगळी एकाच महिन्यात. तिनं पाच दिवस कॅमेरा चालवला आणि सहाव्या दिवशी, ऐन शर्यतीच्या सकाळी, बंद ठेवला. गाव पेटलं. अध्यक्ष तिच्या दारात येऊन ओरडून गेले.

चेब्बे तिला बेकरीत भेटला. "काय गं, घाबरलीस? या वेळी महिना एकतीसचा होता, माहितीय ना?" बेकरीत सगळे हसले.

"पोळले एकदा," ती म्हणाली, "आता जपून असते." तिनं राय धान्याचा पाव घेतला, सुटे पैसे मोजून दिले आणि बाहेर आली. मी सायकल धरून उभा होतो. तिचे ओठ पांढरे पडले होते. "वेळ नाही आली अजून," एवढंच बोलली.

तिसरा हिवाळा पुन्हा चिखलाचा. मी म्हटलं, सोड आता. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी परत विषय काढला नाही.

चौथ्या हिवाळ्यात, दोन फेब्रुवारीला, वारा पूर्वेला फिरला. रात्री उणे अकरा, मग उणे चौदा. हवामानवाले म्हणाले, निदान दोन आठवडे. मी हिस्केला अंगणात बघितलं, टोपी न घालता, हात कमरेवर, आकाशाकडे तोंड करून उभी. एकसष्ट वर्षांची बाई, पण चेहरा असा की जणू लग्न ठरलंय.

सहा तारखेला कॅमेरा सुरू. साडेनऊ ते साडेचार. सातला देशभरच्या बातम्यांत आमचं तळं आलं, आणि बघणारे इतके वाढले की केबल तुंबली. चेब्बे धावत माझ्याकडे आला, डोळे चमकत होते.

"वीब्रेन, तिला मोठी केबल टाक. दहापट. आजच्या आज."

"करारात नाही तिच्या."

"अरे टाक रे! घेऊ दे किती हवं तेवढं. म्हातारी पुन्हा पाच दिवसांचंच गणित करतेय, बघितलंस ना? अठ्ठावीसचाच महिना आहे!" त्याला हसू आवरेना. "आणि तळ्यावर आपला फलक लाव. कॅमेऱ्यात दिसेल असा."

त्याला मीटरची तारीख आठवतच नव्हती. त्याच्या पडद्यावरचा आलेख सगळ्यांसाठी एक तारखेपासून चालायचा. ज्याची त्याची तारीख फक्त बिलाच्या प्रोग्राममध्ये होती, आणि तो प्रोग्राम मी लिहिलेला. मी म्हणालो, "बरं." मोठी केबल टाकली. फलकही लावला, निळा, चार मीटरचा, 'हे चित्र तुमच्यापर्यंत आणणारे: बांग्मा'. या वेळी गप्प बसताना मला जे वाटत होतं त्याला लाज म्हणत नाहीत. मला गुदगुल्या होत होत्या.

दहा तारखेला पस्तीस तास भरले. अकराला साडेनऊ वाजता हिस्केनं पुन्हा बटण दाबलं. चेब्बे खुर्चीतून उडालाच.

"ही थांबतच नाही! पन्नास हजारांचं बिल होईल रे! क्लबची जमीनच लिहून घेतो." आल्चेला त्यानं केक आणायला पिटाळलं. आपल्याकडे ज्याचा आनंद त्यानं केक द्यायचा, त्यानं सगळ्यांना दिला. मीही दोन तुकडे खाल्ले.

एव्हाना त्याला तिची धार बंद करता आली असती का? करारात बसत नव्हतं, आणि देशभर त्याचं नाव दाखवणाऱ्या त्या फलकामुळे तर मुळीच नाही. पण त्याला करायचीच कुठे होती!

पंधराला मोठी शर्यत. शंभर किलोमीटर, चौदा हजार माणसं बांधावर. पहिला गडी अडीचला आला. तीन वाजता बक्षिसं सुरू झाली, महापौर माइकपुढे उभे राहिले, आणि तीनच्या ठोक्याला हिस्के पत्र्याच्या खोलीत गेली आणि कॅमेरा बंद केला. अख्ख्या देशाच्या पडद्यावर अंधार. अध्यक्ष किंचाळले, "अगं बाई, दहा मिनिटं!" तिनं खोलीला कुलूप लावून किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली. दुसऱ्या महिन्यातल्या चारशे दोन नोंदी झाल्या होत्या. चारशे तीन फुकट. एक तिनं हातची ठेवली.

एक मार्चला अ‍ॅमस्टरडॅमहून चेब्बेचं बिल आलं. बेचाळीस हजार सातशे युरो. वरच्या चारशे तीन नोंदी कापूनसुद्धा खाली तेवढ्याच जाड नोंदी उरल्या होत्या. चेब्बे शीळ घालत माझ्या टेबलाशी आला. "काढ म्हातारीचं बिल. त्यातूनच भरू."

मी काढलं. साठ युरो.

"प्रोग्राम बिघडलाय तुझा."

"नाही बिघडलेला. तिचा महिना अकरा ते दहा. मागचा महिना एकतीस दिवसांचा, फुकट सदतीस तास. तिनं वापरले पस्तीस."

"आणि उरलेले?"

"पुढच्या महिन्यात. तेही आत बसतात. तेही साठच."

त्यानं करार मागितला. वाचला. पुन्हा वाचला. स्वतःची सही बघितली. त्याच्या तोंडाचा रंग उडत उडत मानेपर्यंत गेला, आणि देवाशपथ सांगतो, चार वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. चांगली जिरली, मनात म्हटलं. आणखी जिरू दे.

संध्याकाळी तो तिच्या दारात. मी कुंपणाशी उगाच फावडं घेऊन उभा राहिलो, तर तिनंच हाक मारली, "वीब्रेन, तूही ये." कॉफी दिली, प्रत्येकाला एक बिस्किट, आणि डबा बंद करून कपाटात ठेवला.

"हिस्के," चेब्बे म्हणाला, "हे तू ठरवून केलंस."

"हो."

इतकं सरळ उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. "मी बुडेन. अख्खी कंपनी जाईल. निम्मं तरी क्लबनं द्यावं. माणुसकी म्हणून."

"करारात आहे का?"

"करारात नाही, पण आपण एका गावचे..."

"माझा गुडघा परत देतोस?"

"काय?"

"गुडघा. उजवा. चार वर्षांपूर्वीचा. तो दे, मी पैसे देते."

त्याला काही समजलं नाही. ऑस्ट्रियाचं तळं, खोली, पाती, त्याला काय ठाऊक! त्यानं माझ्याकडे बघितलं, मी कपात बघितलं. तो आणखी पाऊण तास बसला. आधी चिडला, मग हात जोडायच्या बेताला आला, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं. ती मध्ये मध्ये घड्याळ बघत होती. तो उठला तेव्हा तिनं त्याचा कोट त्याला नेऊन दिला.

जाता जाता तो संडासात गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो कोणाकडे न बघता निघून गेला.

मेमध्ये त्यानं कंपनी विकली, ज्यांचं देणं होतं त्यांनाच. एक लॉरी आली, सर्व्हर भरले, गेली. डेरी रिकामी. त्यांना यंत्रं हवी होती, माणसं नको होती. आल्चेनं त्याच वर्षी घराचं कर्ज काढलं होतं. गेर्म सत्तावन्नचा, त्याला कोण घेणार! आणि मी.

शेवटच्या दिवशी मी माझी हत्यारं एका खोक्यात भरून घरी आणली. हिस्के अंगणात होती. मी खोकं कुंपणावर टेकवलं. मला वाटत होतं, ती काहीतरी बोलेल. हळहळेल. आम्ही एका बाजूचे होतो ना! मोठी केबल मीच टाकली होती, तोंड मीच मिटून बसलो होतो.

"हिस्के, आमच्या नोकऱ्या जातील हे तुला तेव्हा सुचलं नसेल," मी म्हणालो.

"सुचलं होतं."

"केव्हा?"

"करारावर सही केली तेव्हाच. चेब्बे बुडाला की तुम्ही तिघंही जाणार, हे मोजलं होतं मी." तिनं हातातली कात्री पुसली. "आल्चेसाठी पाणीमंडळात शब्द टाकलाय. गेर्मचंही बघते, होईल काहीतरी. त्या दोघांचं वाईट वाटतं मला."

मी वाट बघत राहिलो. ती खाली वाकली आणि वाटाण्याच्या वेलांना दोरी बांधायला लागली, एकेक गाठ नीट, सारख्या अंतरावर. माझं नाव तिनं घेतलंच नाही.